लॉर्ड रे : हेगमध्ये जन्मलेला मुंबईचा गव्हर्नर

माझे गाव अल्लीपूर. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातले, काळ्या मातीचे आणि कापसाचे. हिंगणघाटचा कापूस एके काळी मुंबईच्या बाजारात गावाच्याच नावाने ओळखला जाई. मुंबईत हार्बर मार्गाने जाताना कॉटन ग्रीन हे स्थानक आले की मला त्या कापसाची आठवण होते. पण मनात अडून राहते ते त्याच्या शेजारच्या स्थानकाचे नाव, रे रोड. हा रे कोण?

आपल्या चरित्रग्रंथांतून आणि आठवणींतून लॉर्ड रे यांची गाठ पडते ती बहुधा ‘इंग्रज गव्हर्नर’ म्हणून. 1885 ते 1890 या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, हे खरे. इंग्रज मात्र ते नव्हते. कुळाने स्कॉटिश आणि जन्माने व शिक्षणाने डच असा हा गृहस्थ होता. ही चूक किरकोळ वाटेल. परंतु तिच्यामुळे 1890 च्या आसपासच्या मराठी विचारातला एक धागा आपल्या नजरेतून सुटतो, असे माझे म्हणणे आहे.

मकाय हे स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेकडचे कुळ. 1628 मध्ये डोनाल्ड मकाय यांना ‘लॉर्ड रे’ ही पदवी मिळाली. दुसऱ्या लॉर्ड रे यांचा मुलगा एनिअस हा हॉलंडच्या चाकरीतल्या स्कॉट्स ब्रिगेडमध्ये सेनाधिकारी झाला आणि त्याचा वंश तिकडेच रुजला. 1822 मध्ये या शाखेतले बार्थोल्ड मकाय नेदरलँड्सचे बॅरन झाले. इकडे स्कॉटलंडमधल्या मूळ शाखेची घसरण चालू होती. सातव्या लॉर्डने 1829 मध्ये वडिलोपार्जित मुलूख सदरलँड घराण्याला विकला. 1875 मध्ये नववे लॉर्ड अविवाहित वारले, तेव्हा पदवी समुद्र ओलांडून बार्थोल्ड यांचे पुत्र एनिअस यांच्याकडे गेली. नाव मोठे आणि पूर्वजांची जमीन गेलेली, असा हा वारसा होता.

याच एनिअस यांचे पुत्र डोनाल्ड जेम्स, म्हणजे आपले लॉर्ड रे. त्यांचा जन्म 1839 मध्ये हेग येथे झाला. आई फागेल या नामांकित डच घराण्यातली. 1861 मध्ये लायडन विद्यापीठात ते कायद्याचे पदवीधर झाले. पुढे त्यांनी डच परराष्ट्र खात्यात आणि मग वसाहत खात्यात काम केले. 1871 पासून ते डच संसदेचे सदस्यही होते. 1875 मध्ये ते इंग्लंडला गेले, 1876 मध्ये वडिलांमागून अकरावे लॉर्ड रे झाले आणि 1877 मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले. आठ वर्षांनी ते मुंबईच्या गव्हर्नरपदी बसले. ते इथे असतानाच, 1888 मध्ये, त्यांचे सख्खे चुलतभाऊ एनिअस मकाय नेदरलँड्सचे पंतप्रधान झाले. एका आजोबांचे दोन नातू एकाच वेळी दोन साम्राज्यांच्या कारभारात होते.

रे यांच्या कारकिर्दीतले गाजलेले प्रकरण क्रॉफर्डचे. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर लाचखोरीचे आरोप झाले तेव्हा रे यांच्या सरकारने 1888 मध्ये चौकशी बसवली. पैसे दिल्याचे कबूल करणाऱ्या मामलेदारांना अभय देण्यात आले. लाचेचा आरोप शाबीत झाला नाही. हाताखालच्या मुलुखातल्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल क्रॉफर्ड यांची नोकरी गेली. पुढे इंग्लंडात ओरड झाली आणि अभय मिळालेल्यांपैकी काही मामलेदारांवरच गदा आली. टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. गोऱ्या अधिकाऱ्याची चौकशी करण्याचे धैर्य रे यांनी दाखवले, हे मान्य केले पाहिजे; पण सरकारने दिलेला शब्द पाळण्याइतकी सत्ता गव्हर्नरच्या हाती नव्हती, हेही त्यातून उघड झाले.

आता सुटलेल्या धाग्याकडे वळतो. 1890 मध्ये रे परत गेले. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या औद्योगिक परिषदेसाठी डच जावातील ‘कल्चर सिस्टिम’वर निबंध लिहिला. रानड्यांना तो विषय रे यांच्यामुळे सुचला, असे मी म्हणत नाही. परंतु डच वसाहतीच्या कारभाराचा प्रश्न पुण्याच्या विचारवंतांपुढे होता आणि तो कारभार आतून पाहिलेला माणूस नुकताच त्यांच्यावर राज्य करून गेला होता, हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजे.

1830 पासून जावात चाललेल्या या पद्धतीत गावांनी आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा निर्यातीच्या पिकांना द्यायचा, असा दंडक होता. प्रत्यक्षात बोजा त्याहून जड पडे. 1840 च्या दशकात तिथे दुष्काळ पडले. रे लायडनला शिकत असताना, 1860 मध्ये, मुलतातुली या टोपणनावाने एका माजी वसाहत अधिकाऱ्याने ‘माक्स हावेलार’ ही कादंबरी लिहून या कारभाराचे वाभाडे काढले. रानड्यांचा भर मात्र सरकारने भांडवल पुरवून उत्पादन वाढवले, या बाजूवर आहे. आपला देश नुसता कच्चा माल पुरवणारा होत चालला होता, ही त्यांची तळमळ रास्तच होती. तरीही कापूस पिकवणाऱ्या गावातून हा निबंध वाचताना मला त्यात जावाच्या शेतकऱ्याचा आवाज फार क्षीण वाटतो. हीच उणीव जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ने 1883 मध्येच दाखवून दिली होती. तिथे हिशेब सुरू होतो तो शेतकऱ्याच्या घरापासून.

नावांचा पुढचा इतिहास याला साजेसाच आहे. पुण्याच्या नव्या मंडईवरील खर्चाला फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा, असे त्यांचे म्हणणे होते. 1886 मध्ये ती मंडई ‘रे मार्केट’ म्हणून उघडली; आज ती महात्मा फुले मंडई आहे. पुण्याचे लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालय महात्मा फुले वस्तुसंग्रहालय झाले. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केटही महात्मा जोतिबा फुले मंडई झाले. चौकशी बसवणारा आणि चौकशीत सापडणारा, दोघांच्याही नावांवर शेतकऱ्याची कैफियत मांडणाऱ्याचे नाव चढले.

लॉर्ड रे 1921 मध्ये निपुत्रिक वारले आणि पदवी पुन्हा डच नातलगाकडे गेली. आमचे अल्लीपूर तर त्यांच्या इलाख्यातही नव्हते. वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता. पण कापसाला इलाख्याची हद्द नव्हती. तो मुंबईलाच जात होता. रे रोडची पाटी आजही तशीच आहे आणि तिच्या पुढचे स्थानक कापसाचे आहे.