पृथ्वी उगवली, की यान वळलं?

‘अर्थराइज’ हे छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. आज ते जरा तपासून पाहू. २४ डिसेंबर १९६८. अपोलो-८ चंद्राभोवती चौथी फेरी घालत होतं. यान कुशीवर वळलं आणि खिडकीत अचानक पृथ्वी आली. विल्यम अँडर्स यांनी आधी एक कृष्णधवल फोटो काढला, मग घाईघाईनं रंगीत फिल्म मागून घेतली. ठरलेल्या कामांत हा फोटो नव्हताच.

छापताना मात्र बहुधा चंद्राची जमीन खाली आणि पृथ्वी वर ठेवतात. उत्तर दिशा वर धरली, तर चंद्राची कड उजव्या हाताला, उभी येते. शिवाय चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला उभं राहिलं, तर पृथ्वी उगवत नाही. आकाशात जवळजवळ एका जागीच असते. म्हणजे हा ‘उदय’ यानाच्या गतीनं घडवलेला. यंत्र चित्रात कुठे दिसत नाही, पण त्याच्याशिवाय हे दृश्यच नाही.

आमची तक्रार इथेच आहे. तत्त्वज्ञानाचा आरंभ विस्मयात होतो, असं प्लेटोचा सॉक्रेटिस सांगतो. आणि आपण काय केलं? विस्मय समोर आला, तर तो फिरवून ओळखीच्या सूर्योदयासारखा भिंतीवर टांगला. चित्र सुंदर आहे, वाद नाही. पण घरी गेल्यावर एकदा ते उभं धरून बघा. पायाखालची जमीन सुटल्यासारखं वाटतं ना? विचार तिथून सुरू होतो.