ब्याण्णवनंतर त्र्याण्णव

माझ्या बहिणीचा मुलगा डिचोलीला आमच्याकडे राहायला आला, की संध्याकाळी एक वाद ठरलेला. आमच्या घरी दिवेलागणीआधी जेवणे उरकतात आणि नेमका त्याच वेळी हा संगणकावर लोखंडाची खाण खोदत बसलेला असतो. पडद्यावर ओबडधोबड, कोनाकोनांचा एक माणूस. तो खडकावर टिकाव घालतो, धातू निघतो, खडक रिकामा होतो, काही सेकंदांत पुन्हा भरतो. पुन्हा टिकाव. एकदा मी वैतागून म्हटले, "अरे, निदान चित्रे तरी बरी असलेला खेळ खेळ." तर म्हणाला, "नवा आहे की गं मावशी, त्याच कंपनीचा. मला हा जुनाच हवाय."

तिशीला आलेल्या, कमावत्या मुलाला २००७ सालचा खेळ का हवा? लहानपणाच्या आठवणी, दुसरे काय, असे म्हणून मी विषय सोडला होता. आता मला ते उत्तर पुरत नाही.

खेळाचे नाव रूनस्केप. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने चालवलेला, २००१ पासूनचा. हजारो माणसे एकाच जगात आपापले पात्र घेऊन वावरतात. कुणी लढतो, कुणी लाकडे तोडतो, कुणी रांधायला शिकतो. बहुतेक कसबांच्या ९९ पायऱ्या. ९२ व्या पायरीवर पोचलो, की कष्टांच्या हिशेबाने निम्मीच वाट सरलेली असते. ब्राउझरमध्ये चालायचा, त्यामुळे साध्या संगणकावर आणि रखडणाऱ्या इंटरनेटवर आमच्या तालुक्यातल्या पोरालाही तो खेळता येत होता.

नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने लढाईची पद्धतच बदलून टाकली. वर्षानुवर्षे हाताला बसलेले डावपेच एका दिवसात निरुपयोगी झाले. अनेकांनी खेळ सोडला. शेवटी कंपनीने ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत शोधून काढली, खेळाडूंचे मत घेतले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये 'ओल्ड स्कूल' नावाने जुना खेळ वेगळा सुरू केला. जुनी मिळकत मात्र कुणालाच परत मिळाली नाही. सगळ्यांना पहिल्या पायरीपासून चढायचे होते. तरी माणसे आली.

मला विचारात पाडले ते इथे. साठवलेले धन हवे असते, तर शून्यापासून कोण सुरू करील? त्यांना हवा होता तो नियम. केलेले काम मोजले जाईल, आणि उद्या उठल्यावर मोजण्याचे माप बदललेले नसेल, एवढी खात्री.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या. भाचा तेव्हा बारावीत. वडिलांचे दोन टिपर दारात उभे राहिले. कुठल्या चढावर कुठला गिअर, काट्यावर रांग कधी कमी असते, पावसाआधी किती फेऱ्या होतात, हे सारे शहाणपण एका आठवड्यात बिनकामाचे झाले. पुढे काम थोडे सुरू झाले, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबले. टिपर विकले गेले. खाणी थांबाव्यात की नाही, तो वाद वेगळा. डोंगरांचे आणि शेतांचे काय झाले होते, तेही आम्ही पाहिले आहे. पण मधल्या माणसाचे माप एका रात्रीत बदलले, हे खरेच. भाचा यातले काही बोलत नाही. एवढेच म्हणाला, "इथं ब्याण्णवनंतर त्र्याण्णवच येतं गं."

मग जुने ते सगळे चांगले? तसेही म्हणता येत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या खेळाचा दाखला घ्या. चाहत्यांनी परस्पर चालवलेला त्याचा जुना सर्व्हर २०१६ मध्ये बंद पडला, तेव्हा निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच जुनी आवृत्ती आणली. त्यात रॅग्नारोस नावाचा एक दैत्य आहे, चाळीस जणांनी मिळून मारायचा. मूळ खेळात तो पहिल्यांदा पडायला काही महिने लागले होते. २०१९ मध्ये तो पहिल्या आठवड्यातच पडला. पंधरा वर्षांत त्याच्या सगळ्या खोडी लोकांना पाठ झाल्या होत्या. जग परत आणता आले, अजाणतेपण नाही. नुसते बालपण शोधायला गेलेला तिथून रिकाम्या हाताने येणार.

तरीही बरेच जण टिकले. मधल्या काळात नव्या आवृत्तीने एक सोय आणली होती. बटण दाबले, की यंत्रच अनोळखी सोबती जुळवून देई. जुन्या आवृत्तीत ती नाही. माणसे हाक मारून गोळा करावी लागतात. त्यामुळे कुणाशी वाकडे वागलात, तर नाव खराब होते.

भाचा आता पेडण्यात, मोपाकडे नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने मला तिथल्या एका जत्रेतला दशावतार दाखवला. हल्ली ट्रिकसीनवाले दशावतार असतात. धूर, रंगीत दिवे, हलणारे राक्षस. आम्ही पाहिला तो जुन्या पद्धतीचा. रंगमंचावर एक बाकडा, बाजूला पखवाज, पेटी, झांज. तोच बाकडा सिंहासन, तोच डोंगर. कथा सगळ्यांना ठाऊक, पण संवाद लिहिलेले नसतात. राजा काय बोलेल, हे त्याच्यासमोरच्या नटालाही आधी पूर्ण ठाऊक नसते. म्हणून माहीत असलेल्या गोष्टीसाठी लोक रात्र जागवतात.

जुना खेळ म्हणजे तो बाकडा आहे, असे मला वाटते. त्याचे सिंहासन खेळणाऱ्यांनी करायचे. ओल्ड स्कूलवाल्यांना हे उमगलेले दिसते. त्यांनी जुनी प्रत काचेच्या कपाटात ठेवली नाही. नवी मोठी भर घालायची तर खेळाडूंचे मत घेतात. सुरुवातीला ७५ टक्के होकार लागे, हल्ली ७० पुरतो. बदल होतो, पण ज्याचा घाम लागला आहे त्याला विचारून होतो. माझ्या लेखी या खेळाची खरी थोरवी ही. त्याच खडकावर हजार वेळा टिकाव घालणे मला आजही कंटाळवाणे वाटते, आणि त्यातले तासन्‌तास वाया जातात हेही मी भाच्याला सांगत असते.

परवा तो ९८ व्या पायरीवर होता, शेवटची जवळ आली होती. सूर्य कलला, मी स्वयंपाकघरातून हाक मारली. नेहमीचे "पाच मिनिटं" येईल म्हणून थांबले. तो सरळ उठून पाटावर येऊन बसला.

"आणि ते नव्व्याण्णव?"

"राहू दे," ताट पुढे ओढत म्हणाला, "ते कुठं पळतंय?"