लक्षात कोणी घेतले?

हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. प्रस्थापित समीक्षा तिला मराठीतील वास्तववादी कादंबरीचा पाया मानते, तिला हार घालते आणि मोकळी होते. आपल्यातले काही कार्यकर्ते तिला 'पुण्याच्या पेठेतले रडगाणे' म्हणतात आणि न वाचताच बाजूला सारतात. मला ही दोन्ही मते आळसाची वाटतात. मी मूर्तिजापूरला मराठी शिकवते. माझ्या वर्गातील बहुतेक मुली त्यांच्या घराण्यातून कॉलेजची पायरी चढलेल्या पहिल्याच. मीही तशीच आले. या मुलींपुढे यमूची कहाणी ठेवायची, तर हार घालूनही भागत नाही आणि हिणवूनही भागत नाही. कादंबरीने आपल्या नावातच एक प्रश्न विचारला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. ते शोधू गेले की असे दिसते की, उत्तर देणारे लोक कादंबरीत नाहीत. ते बाहेर उभे आहेत.

आधी कादंबरीचे जे श्रेय आहे ते मोकळेपणाने देऊ. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. खेळण्याच्या वयात तिचे लग्न होते. घरात बापाचा धाक आणि आईची मुकाट सोशिकता ती पाहते. आई जाते, घरात सावत्र आई येते. दुराचारी नवऱ्याच्या हाती सापडलेली तिची मैत्रीण दुर्गी तिच्या डोळ्यांदेखत खचत जाते. पुढे रघुनाथरावांसारखा समंजस नवरा तिला लाभतो. तो तिला शिकवतो, माणूस म्हणून वागवतो. मुंबईच्या बिऱ्हाडात ती वाचू लागते, चारचौघांत बोलू लागते, विचार करू लागते. मग रघुनाथराव मरण पावतात. सासरच्या मंडळींत शंकरमामंजी नावाचा जो ढोंगी पुरुष आहे, तो तिचे जबरीने केशवपन करवतो. त्या आघातातून ती सावरत नाही.

एका मुलीची जाणीव लहानपणापासून कशी वाढत जाते, हे तिच्याच तोंडून इतक्या सविस्तरपणे मराठी कादंबरीत त्याआधी कोणी सांगितले नव्हते. 'मी हे का सोसायचे?' हा प्रश्न यमूच्या मनात हळूहळू आकार घेतो. तो एकदम भाषणासारखा येत नाही. एखादी बेडी बेडी आहे हे कळायला माणसाला किती वर्षे लागतात, हे हरिभाऊंना ठाऊक होते. आपल्या आत्मकथनांनी ज्या वाचकाला घडवले, त्याने ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही.

पण यमूला बंड करायला काय काय लागले, याचा हिशेब मांडला पाहिजे. तिला मुंबईत स्वतंत्र बिऱ्हाड लागले. पगार किंवा शिष्यवृत्ती मिळवू शकणारा, इंग्रजी शिकलेला नवरा लागला. घरात येणारी पुस्तके लागली. आपल्यासारखाच विचार करणारी चार कुटुंबे शेजारी लागली. हे सारे जातीने आणि त्या जातीला मिळालेल्या विद्येने पुरवले होते. नवऱ्याबरोबर रस्त्याने मोकळेपणी चालणे ही यमूच्या जगात क्रांती आहे. माझी आई निंदणाला आणि कापूस वेचायला रोज गावाबाहेर चालत जात होती. तिला कोणी उंबऱ्याच्या आत कोंडले नव्हते. मग ती यमूपेक्षा मुक्त होती काय? मुळीच नाही. तिचे चालणे तिच्या इच्छेचे नव्हते, ते पोटाचे होते. त्या चालण्यात मालकाची नजर होती, मुकादमाची शिवी होती. एकीला उंबरा ओलांडू दिला जात नाही आणि दुसरीला उंबऱ्याच्या आत राहण्याची चैन परवडत नाही. दोघींपैकी कोणालाही 'तुला काय हवे?' असे विचारले जात नाही.

वर्गात यावर बोलणे निघाले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, यमूला निदान लिहिता येत होतं." दुसरी लगेच म्हणाली, "लिहिता येऊनही तिचं डोकं भादरलंच ना?" या दोन वाक्यांत आपल्या समीक्षेची अडचण सापडते. पहिले वाक्य खरे आहे, आणि आपण बहुतेक वेळा तिथेच थांबतो. दुसरेही खरे आहे, आणि त्याचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जातीने जिला एवढे दिले, तिच्याच डोक्यावर त्या जातीने वस्तरा का ठेवला?

याचे उत्तर हरिभाऊंजवळ नाही. ते बाबासाहेबांजवळ आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्यात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचा उलगडा केला आहे. जात टिकवायची म्हणजे जातीबाहेर लग्न होऊ द्यायचे नाही. मग जातीत स्त्रीपुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बायको 'जास्तीची' ठरते. ती जातीबाहेर लग्न करील ही एक भीती, आणि जातीत लग्न करून दुसऱ्या मुलीचा वाटा घेईल ही दुसरी. म्हणून तिला जाळा, नाही तर जिवंतपणी नकोशी करून ठेवा. केशवपन म्हणजे एखाद्या दुष्ट मामंजीची लहर नव्हे. ती जातीची देखभाल आहे. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवणारी कुंपणाची तार आणि यमूच्या डोक्यावरचा वस्तरा एकाच कारखान्यातून आले आहेत. मी ही कादंबरी आपल्या मुलींना वाचायला लावते ती याच कारणासाठी. यमूचे दुःख 'त्यांचे' म्हणून सोडून दिले, तर जात म्हणजे काय हेच आपल्याला अर्धे समजेल.

कादंबरी मात्र इथे चुकते. ती सारा दोष शंकरमामंजीच्या अंगावर टाकते. वाचक त्याच्यावर दात खातो, त्याच्या नावाने बोटे मोडतो आणि त्या संतापातच व्यवस्था निसटून जाते. मामंजी सज्जन असता, प्रेमळ असता, रडत रडत त्याने न्हाव्याला बोलावले असते, तर? रूढी तीच राहिली असती. खरे तर बहुतेक घरांत केशवपन प्रेमळ माणसांनीच करवले असणार. खलपुरुषाची गरज लेखकाला असते. जातीला नसते.

आणि न्हावी? ही कादंबरी वाचून संपल्यावर मामंजी आठवतो, यमूचा आकांत आठवतो. पण वस्तरा ज्याच्या हातात आहे त्या माणसाचे मन काही उरत नाही. तो हत्यारासारखा येतो आणि जातो. आता इतिहास पाहा. ज्या १८९० साली 'करमणूक' सुरू झाले, त्याच साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आपण करायचे नाही असे त्या न्हाव्यांनी ठरवले. पोटाचा धंदा पणाला लावून, ज्यांच्या घरात पाणी प्यायलाही त्यांना मानाने मिळत नव्हते त्यांच्या लेकीबाळींसाठी त्यांनी हात आवरला. कादंबरी विचारते, लक्षात कोण घेतो? मुंबईच्या न्हाव्यांनी घेतले होते!

ते पहिलेही नव्हते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल मारू नये, हा त्याचा हेतू. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्या दांपत्याने दत्तक घेतला. १८८२ साली आमच्याच वऱ्हाडातून, बुलढाण्याहून, ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, त्या निमित्ताने ताराबाईंचा संताप पेटला. ताराबाई मराठा घरातल्या, खाऊनपिऊन सुखी. परक्या जातीच्या विधवेसाठी त्यांनी सगळ्या पुरुषजातीला जाब विचारला. आगरकरांचे, पंडिता रमाबाईंचे, कर्व्यांचे काम मी नाकारत नाही. पण त्यांची नावे पाठ्यपुस्तकांनी जपली. न्हाव्यांची सभा मात्र मला एम.ए.च्या वर्गात कोणी सांगितली नाही. हरिभाऊंचा प्रश्न आपल्याच आळीतल्या सुशिक्षित पुरुषांना उद्देशून होता. त्या आळीबाहेर कोणी माणसे राहतात, ती ऐकतात आणि उत्तर देतात, हे त्या प्रश्नाच्या कल्पनेतच नाही.

उलट बाजूने काय घडले तेही नोंदवून ठेवू. १८५५ साली पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसते, हे तिने त्यात लिहिले. दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान. तिची नायिकाही सवर्ण आणि नावानेही यमुनाच. म्हणजे एका मुलीने जगाला जाब विचारण्याची मराठी गद्यातील सुरुवात मोजायची, तर ती यमुनेपासून न मोजता मुक्तेपासून मोजायला काय हरकत आहे? मुक्तेने लिहिले ते काल्पनिक पात्राच्या तोंडून लिहिले नाही. पण तिच्यापासून परंपरा निघाली असे कोणी म्हटले नाही. शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे यांची आत्मकथने पुस्तकरूपाने यायला १९८६ साल उजाडले. मधली एकशे तीस वर्षे लक्षात कोणी घेतले नाही, हा प्रश्न आता आपण विचारायचा आहे.

मात्र तो फक्त दुसऱ्यांना विचारून भागणार नाही. 'जिणं आमुचं' लिहिताना बेबीताईंनी आपले कागद वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. त्यांच्या पुस्तकात महारवाड्यातल्या सुनांवर घरच्याच माणसांनी केलेला अत्याचार आहे. तिथे मामंजी ब्राह्मण नाही. कुमुद पावड्यांनी 'अंतःस्फोटा'त संस्कृत शिकल्याची कथा सांगितली आहे. संस्कृतची एम.ए. पदवी हाती असूनही कुमुद सोमकुवर या नावाला नोकरीची दारे बंद राहिली. आंतरजातीय लग्नानंतर पावडे या नावाला ती उघडली. दलित स्त्रीची विद्वत्ताही नवऱ्याच्या जातीच्या आडनावाने मोजली गेली, ही या प्रसंगातील जळजळीत गोष्ट आहे. यमूला रघुनाथराव मेल्यावर ओळख उरली नाही. इथे नवऱ्याचे नाव लागल्यावर ओळख मिळाली. दोन्हीकडे बाईचे स्वतःचे नाव पुरत नाही.

या दोन्ही बाजू एकत्र पाहण्याची दृष्टी आपल्या चळवळीत होती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, असे ठराव तिथे झाले. हे ठराव सवर्ण पुरुषाविरुद्ध नव्हते, ते घरातल्या पुरुषाला सुनावले होते, आणि बाबासाहेब त्या परिषदेला हजर होते. पुढे हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलात यमूला वारसाहक्क होता, दुर्गीला घटस्फोट होता. त्यांच्या जातीतल्या बहुतेक पुढाऱ्यांनी हा राजीनामा साधेपणाने गिळला. 'लक्षात कोण घेतो?' या प्रश्नाला दिलेले याहून मोठे उत्तर मला माहीत नाही.

म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे. ही कादंबरी अभ्यासाला लावा, पण एकटी लावू नका. तिच्या एका बाजूला मुक्तेचा निबंध ठेवा, दुसऱ्या बाजूला 'स्त्रीपुरुषतुलना' आणि 'जिणं आमुचं' ठेवा. न्हाव्यांच्या सभेची तारीख विद्यार्थ्यांकडून शोधून घ्या. आणि कार्यकर्त्या भावांना विचारते: आपल्या घरातली मुलगी बारावीनंतर पुढे शिकायचे म्हणते, आपल्या पसंतीने लग्न करायचे म्हणते, तेव्हा आपल्या घरात कोण बोलते? बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आणि निर्णय मामंजीचा, असे किती घरांत चालले आहे? माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी यंदा दुसऱ्या वर्षाला आली नाही. घर आपलेच आहे, चळवळीतले. तिचे लग्न ठरले म्हणतात. तिला कोणी विचारले काय, ते मला कोणी सांगत नाही.