माटोळीचा बाजार आणि पाकोत्सवाचा मांडव

नाटकाचा प्रयोग, गायनाची मैफल, चित्रांचे प्रदर्शन यांवर आपल्याकडे परीक्षण लिहिले जाते. परंतु शेकडो माणसे एकत्र जमून जेथे अन्न विकतात, विकत घेतात आणि सेवन करतात, अशा प्रसंगांचे परीक्षण करण्याची चाल आपल्यात पडलेली नाही. फार तर वृत्तांताच्या शेवटी पदार्थ रुचकर होते, व्यवस्था चोख होती, असे दोन शब्द येतात. वस्तुतः एखाद्या प्रदेशाची संस्कृती त्याच्या रंगभूमीइतकीच त्याच्या बाजारात व त्याच्या पानावर वाढलेल्या अन्नात दिसते. गोव्यात तर पाकोत्सव हा आता वर्षाच्या सार्वजनिक समारंभांपैकी एक ठरीव समारंभ होऊन बसला आहे. तेव्हा त्याची, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या जुन्या बाजारांची व खानावळींची, नीट पारख होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पारख म्हटली की कसोटी आली. आमची कसोटी साधी आहे. समोर ठेवलेला पदार्थ कोणत्या ऋतूचा, त्यातील जिन्नस कोणत्या गावच्या मातीतला आणि तो करणाऱ्या हातांना त्याची रीत कितपत ठाऊक, एवढेच आम्ही विचारतो. चवीचा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला आहे. कारण मसाल्याच्या जोरावर चव आणता येते, ऋतू आणता येत नाही.

प्रथम पाकोत्सव घेऊ. पणजी, मडगाव अशा शहरांत भरणाऱ्या या उत्सवांचा काळ बहुधा पर्यटकांच्या सोयीने ठरतो. म्हणजे हिवाळा किंवा उन्हाळ्याचे तोंड. मांडव प्रशस्त, दिव्यांची आरास झगझगीत, आणि ध्वनिवर्धकाचा आवाज असा की शेजारच्या माणसास पदार्थाचे नाव विचारावयाचे तरी ओरडावे लागते. दुकानांच्या रांगेतून हिंडू लागले की शागुती, रेशाद, कबाब, चिनी शेवया, पुन्हा शागुती, पुन्हा कबाब, असा क्रम लागतो. यांतले काही पदार्थ गोव्याचे आहेत, आणि ते वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. परंतु गोव्याचे अन्न म्हणून बाहेर जे पाचसात पदार्थ प्रसिद्धीस आले आहेत, तेच येथे दहा ठिकाणी मांडलेले दिसतात. जे पाहुण्यास आधीच ठाऊक आहे तेच त्यास पुन्हा दाखविणे, हा प्रदर्शनाचा हेतू असू शकत नाही.

याच मांडवाच्या एखाद्या कोपऱ्यात गावोगावच्या महिला मंडळांची दुकाने असतात. तेथे नेवऱ्या, खतखते, मणगणे, हळसांद्यांचे तोणाक असे पदार्थ भेटतात, आणि करणाऱ्या बायकांस त्यांची रीत विचारली तर त्या उत्साहाने सांगतात. पाकोत्सवाचा सर्वांत अस्सल भाग हाच होय. तथापि येथेही ऋतूचा प्रश्न उभा राहतो. पातोळीचेच उदाहरण घ्या. तांदळाचे पीठ, चून आणि हळदीचे पान, एवढाच तिचा पसारा. पण तिचे सारे मर्म त्या पानाच्या वासात आहे. हळदीची पाने हिरवीगार असतात ती श्रावण-भाद्रपदात. म्हणूनच पातोळी नागपंचमीची आणि चवथीची. माघात हळदीचे पान वाळून गेलेले असते, आणि केळीच्या पानात उकडलेली पातोळी ही नावापुरतीच पातोळी राहते. हा दोष करणारणीचा खचित नव्हे. ज्यांनी उत्सवाचा महिना ठरविला, त्यांनी शेताकडे न पाहता आगगाडीच्या व विमानाच्या वेळापत्रकाकडे पाहिले, हा तो दोष आहे.

आता दुसऱ्या बाजूस माटोळीचा बाजार पाहावा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आमच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की, चवथीच्या दिवसांत गोव्यातील हिंदू घरांतून गणपतीच्या मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगतात, आणि तिला फळे, कंद, रानातील वेली व औषधी वनस्पती बांधतात. हीच माटोळी. तिचे जिन्नस विकावयास म्हापसे, पणजी, फोंडे, डिचोली, मडगाव येथे चवथीच्या आधी दोनतीन दिवस बाजार भरतो. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तोरिंगे, आंबाडे, चिबूड, कवंडळे, कांगले, घागऱ्या असे कितीतरी जिन्नस डोंगराळ भागांतून आणि कुळागरांतून डोक्यावरच्या पाट्यांत व भाड्याच्या टेंपोत येऊन पोहोचतात. जमिनीवर पसरलेल्या गोणपाटाखेरीज तेथे कसलीही सजावट नसते.

आमच्या कसोटीवर हा बाजार पुरेपूर उतरतो. ऋतू तर त्याच्या मुळाशीच आहे. जे त्या पंधरवड्यात पिकत वा फुलत नाही, ते तेथे येतच नाही. गाव विचारला तर विकणारी बाई केवळ गावच नव्हे, कोणत्या डोंगराच्या कोणत्या अंगाला ती वेल चढते तेही सांगते. आणि ज्ञानाचा व्यवहार तेथे दोन्ही बाजूंनी चालतो. म्हातारी आजी नातवाला एकेका फळाचे नाव घ्यावयास लावते. विकणारी चुकलेले नाव दुरुस्त करते. वनस्पतिशास्त्राचे असे खुले विद्यालय दुसरीकडे आढळणे कठीण.

तथापि परीक्षण एकांगी होऊ नये. माटोळीच्या बाजारातही चिंतेच्या गोष्टी आहेत. राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीची स्पर्धा होते, आणि तीत शेकड्यांनी जिन्नस बांधणारे स्पर्धक पुढे येतात. वनस्पतींच्या ओळखीस या स्पर्धेने मोठे उत्तेजन दिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु संख्येची ईर्षा लागली की रानातील दुर्मीळ झाड ओरबाडले जाते, हेही खरे. मूळ रीतीत परसातले आणि शिवारातले जे त्या वर्षी देवाने दिले, ते देवापुढे टांगावयाचे, एवढीच मर्यादा होती. जे फळ शोधण्यास तीन डोंगर पालथे घालावे लागतात, ते झाडावरच राहू देणे हीसुद्धा पूजाच होय. स्पर्धेच्या परीक्षकांनी संख्येचे गुण कमी करून लावणीचे गुण वाढवावेत. ज्याने माटोळीचे झाड आपल्या परसात लावून वाढविले, त्यास वरचा क्रमांक द्यावा, असे आम्ही सुचवितो.

बाजाराकडून खानावळीकडे वळू. सकाळच्या वेळी गोव्यातील कोणत्याही गावाच्या नाक्यावर भाजी-पाव, मिरचीची भजी, बन आणि चहा मिळतो, आणि पातळ भाजीत पोई बुडवून खाण्याची ती न्याहारी आजही सर्व जातिधर्मांच्या लोकांस एका बाकावर बसविते. दुपारच्या जेवणात मासळीची थाळी उत्तम मिळते, याविषयी वाद नाही. अडचण येते ती शिवराक पानाची. सोमवारी वा सणावारी मासळी वर्ज्य करणारी घरे येथे पुष्कळ. त्या दिवशी घरोघरी मुगागाठी, तोणाक, खतखते शिजते. पण त्याच दिवशी खानावळीत गेल्यास शिवराक म्हणून पनीर, जिरेभात आणि पिवळी डाळ पुढे येते. तूरडाळ, पाचांपेक्षा अधिक भाज्या, ओल्या नारळाचे वाटण, सोले, गूळ आणि तेफळ यांनी सिद्ध होणारे खतखते म्हणजे एका भांड्यातील सारे शिवार. ते खानावळीच्या पाटीवर क्वचितच दिसते. ते करण्यास वेळ लागतो, कंद सोलताना हात खाजतात, हे कारण सांगण्यात येते. कारण खोटे नाही. पण वेळ आणि खाज ही त्या पदार्थाची किंमत आहे, आणि जो ग्राहक ती मोजावयास तयार आहे, त्यास तरी तो मिळाला पाहिजे.

येथे इतिहासाची थोडी आठवण करणे भाग आहे. सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. नदीपलीकडचा तो मुलूख त्या काळी पोर्तुगीज अमलाबाहेर होता. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन स्थापन झाले. त्याची कहाणी अ. का. प्रियोळकर यांनी आपल्या १९६१ सालच्या इंग्रजी ग्रंथात मांडली आहे. इन्क्विझिशनच्या १७३६ सालच्या हुकूमनाम्यात, ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांनी हिंदूंच्या रीतीने मिठावाचून भात शिजवू नये, अशीही एक मनाई होती. सत्तेला चुलीवरच्या भातापर्यंत हात पोहोचवावा असे वाटले, यावरून अन्नाच्या रीतीत केवढे बळ असते ते कळून येते. शिवाय धर्म पालटून पावणेदोनशे वर्षे झाली तरी ती रीत लोकांनी सोडली नव्हती, हेही त्याच हुकुमातून सिद्ध होते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की जुने तेवढे शुद्ध आणि नवे तेवढे भ्रष्ट. आम्हांस ते मान्य नाही. मिरची, काजू, बटाटा, अननस, रताळे, मका हे सारे पोर्तुगिजांच्या मागोमाग समुद्रापलीकडून आले. आज खतखत्यात मक्याचे तुकडे आणि रताळे घातल्यावाचून अनेक सुगरणींचे समाधान होत नाही, आणि काणकोणातील खोल गावची मिरची तर आता त्या गावाचे भूषण झाली आहे. परकी वस्तू या मातीत रुजली, येथल्या हातांनी तिला येथली रीत शिकविली, की ती परकी राहत नाही. पनीराविषयी आमचे भांडण ते नवे आहे म्हणून नाही. ते येथे कोणत्याही परसात, कोणत्याही ऋतूत रुजलेले नाही, आणि तरीही बारा महिने सर्वांच्या पुढे बसते, म्हणून आहे.

हीच गोष्ट आपल्या देवस्थानांच्या सभागृहांतून अधिक बोचते. महाप्रसादाच्या पंक्तीत अद्याप पुष्कळ ठिकाणी रीत सांभाळली जाते, हे समाधानाचे आहे. पण त्याच आवारातील लग्नमुंजीच्या भोजनात मंचुरियन आणि पनीर यांची रांग लागते, आणि मुगागाठीस जागा उरत नाही. पाकोत्सवाच्या चालकांना दोष देणे सोपे आहे. त्यांना पर्यटक सांभाळावयाचा असतो. आपल्याच मांडवात आपल्याच सोयऱ्यांना जेवू घालताना तर तसे काही बंधन नसते. जी रीत हुकूमनाम्याने मोडली नाही, ती आचाऱ्याच्या छापील यादीवर खूण करताना मोडते आहे.

यात केवळ रुचीचा प्रश्न नाही. गोव्यास लागणारी भाजी बहुतांशी बेळगावाकडून घाट उतरून येते. हा शेजारधर्म जुना आणि दोघांच्याही हिताचा आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु २०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदीने वाहतूक खोळंबली, तेव्हा गोव्यातील घरांना भाजीची टंचाई कशी जाणवली, ते सर्वांच्या स्मरणात असेल. स्वतःच्या परसात व खाजनात काय पिकते, हे ज्या प्रदेशास ठाऊक असते, तो अशा वेळी कमी घाबरतो. मानकुराद आंबा, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी यांना २०२३ साली भौगोलिक संकेताची नोंदणी मिळाली. नोंदणीने नाव सुरक्षित होते. झाड सुरक्षित होते ते खाणाऱ्यामुळे. भेंडीस गिऱ्हाईक नसेल तर पावसाळ्यात चिखलात उभे राहून ती लावणारा शेतकरी केवळ प्रमाणपत्राकडे पाहून ती लावीत राहणार नाही.

तेव्हा सूचना करावयाच्या त्या थोड्या आणि होण्यासारख्या आहेत. पाकोत्सव हिवाळ्यातच भरवावयाचा असेल तर तो हिवाळ्याचा भरवावा. त्या दिवसांत कारांदे, काणंगां, झाडकणंगां असे कंद निघतात; त्यांच्याभोवती उत्सव रचला तर पाहुण्यांस खरोखरच नवे काही चाखावयास मिळेल. प्रत्येक दुकानावर पदार्थाच्या नावाबरोबर मुख्य जिन्नसाचे गाव लिहावे. खानावळवाल्यांनी आठवड्यातून निदान सोमवारी खतखते वा तोणाक ठेवून पाहावे.

आणि देवस्थानांनी आपली जत्रा हाच या भूमीतला मूळचा पाकोत्सव आहे, हे ध्यानात घ्यावे. खाज्यांची, लाडवांची, चण्यांची दुकाने तेथे पूर्वापार लागतात. त्यांच्या शेजारी पंचक्रोशीतील शेतकऱ्यांना व कुळागरवाल्यांना विनाभाड्याची एक ओळ राखून ठेवली, आणि सभागृह भाड्याने देताना निदान दोन पदार्थ येथल्या ऋतूचे असावेत अशी अट घातली, तर देवस्थान समित्यांस फारसा खर्च पडणार नाही. पुढच्या चवथीपूर्वी एखाद्या समितीने जरी हे करून दाखविले, तर त्याचे परीक्षण लिहिण्यास आम्ही आनंदाने जाऊ.