पास्कल भाषा : मर्यादा व आरंभीचे अनुवादक
झुरिक येथील तंत्रविद्यापीठात निक्लाउस व्हिर्ट (१९३४–२०२४) या स्विस संगणकशास्त्रज्ञांनी आखलेली व १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली संगणकभाषा. ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञांचे नाव तिला देण्यात आले. विद्यार्थ्यांना शिस्तबद्ध आज्ञावली लिहिण्यास शिकविणे हा तिचा एक मुख्य हेतू होता. प्रत्येक राशीचा प्रकार आधी घोषित करावयाचा आणि शक्य तेवढी तपासणी आज्ञावली चालण्यापूर्वीच उरकावयाची, या तत्त्वातून तिचे गुण उपजले व तिच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेपही.

पास्कलमधील आज्ञावली यंत्रभाषेत उतरविणारा अनुवादक (कंपायलर) १९६९ मध्ये प्रथम फोर्ट्रान भाषेत लिहून पाहिला गेला. तो प्रयत्न फसला. मग तो पास्कलमध्येच लिहून हाताने एका निम्नस्तरीय भाषेत उतरविण्यात आला आणि १९७० मध्ये सीडीसी ६००० मालिकेच्या संगणकावर चालू झाला. त्या यंत्राचा शब्द ६० बिटांचा असल्याने संच हा प्रकार एका शब्दात मावेल इतकाच ठेवला गेला. पुढे इतर यंत्रांवरील अनुवादकांनी आपापल्या सोयीच्या मर्यादा घातल्या. झुरिकहूनच वितरित झालेला पास्कल-पी हा अनुवादक एका काल्पनिक यंत्राची आज्ञा-संकेतावली तयार करी. त्यामुळे नव्या संगणकावर भाषा नेणे बरेच सोपे झाले. मात्र त्यात मूळ भाषेचा काही भाग नव्हता व ती उणीवही त्याच्याबरोबर पसरली.

ब्रायन कर्निगन यांनी १९८१ मध्ये केलेल्या टीकेतील काही मुद्दे, उदा., आवर्तनातून मध्येच बाहेर पडण्याची सोय नसणे, गैरसोयीचे असले तरी निभावून नेण्याजोगे आहेत. ॲरेविषयीचा आक्षेप तसा नाही. ॲरेची लांबी हा त्याच्या प्रकाराचाच भाग असल्याने दहा संख्यांची यादी व वीस संख्यांची यादी हे भिन्न प्रकार ठरतात. एकीचा क्रम लावणारी उपआज्ञावली दुसरीला चालत नाही. अक्षरमालांचीही तीच गत होते. साहजिकच सर्वांना वापरता येईल असा उपआज्ञावलींचा संग्रह मूळ पास्कलमध्ये उभा राहणे दुरापास्त होते. मोठ्या आज्ञावलीचे भाग स्वतंत्रपणे अनुवादित करण्याची तरतूदही मूळ भाषेत नव्हती.

१९८३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने कोणत्याही लांबीचा ॲरे स्वीकारणारे प्राचल दिले, पण ते वरच्या पातळीपुरते, म्हणजे ऐच्छिक. तोवर उशीर झाला होता. प्रत्येक निर्मात्याने आपली ठिगळे लावली होती व एकाची आज्ञावली दुसऱ्याकडे जशीच्या तशी चालेना. त्याच वर्षी आलेल्या, स्वस्त व अतिजलद टर्बो पास्कलने अक्षरमालेची स्वतःची सोय केली, तीही २५५ अक्षरांपर्यंतच. व्हिर्ट यांनी स्वतः पास्कलमध्ये भर न घालता मॉड्युला-२ ही नवी भाषा आखली. तीत स्वतंत्रपणे अनुवादित होणारे विभाग आणि अनिश्चित लांबीच्या ॲरेचे प्राचल ही दोन्ही होती.