कांहीं लोकप्रिय ऐतिहासिक चित्रपट : बखरीच्या कसोटीवर एक परीक्षण

चित्रपटांचें परीक्षण हें संशोधनपर त्रैमासिकाचें काम नव्हे, असा आक्षेप येण्याचा संभव आहे. आमच्या मतें तो टिकणारा नाहीं. ज्या समाजाकरितां आपण कागद जमवितों, वाचतों व छापतों, त्या समाजांतील बहुतेकांना आज इतिहास भेटतो तो पडद्यावर. शकावली, करीना, महजर यांची नांवेंही न ऐकलेला मनुष्य उदयभानाचा पोशाख कसा होता हें छातीठोकपणें सांगतो. कारण तो त्यानें पाहिलेला असतो. पूर्वीं हें काम बखर, पोवाडा व कीर्तन यांनीं केलें. सबब चित्रपट ही आपल्या काळची बखरच होय, आणि बखरीची छाननी करणें हें आपलें काम नव्हे असें कोणी म्हणणार नाहीं.

हमरापुरास बसून पाहणाराला ही गोष्ट विशेष जाणवते. पेण तालुक्यांतील हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर या गांवीं गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत व त्यांचें काम वर्षांतील बहुतेक महिने चालतें. मागील दहा-बारा वर्षांत बाजारांतील मूर्तींवर चित्रपटांची व दूरचित्रवाणीवरील मालिकांची छाप स्पष्ट उमटलेली आहे. ‘जय मल्हार’ मालिका गाजली तेव्हां गजानन त्या थाटांत बसले. ‘बाहुबली’ आला तेव्हां त्या वेषांत उभे राहिले. मूर्तिकाराला यांत दोष देतां येत नाहीं. गिऱ्हाईक मागतें तें तो देतो. परंतु पडद्यावरील पागोटें, अंगरखा आणि तलवारीची मूठ शाडूंत उतरून घरोघर पूजेस लागते, तेव्हां ती कल्पना न राहतां परंपरा बनूं लागते. इब्राहीमखानाचें चित्र शिवाजीमहाराजांचें म्हणून किती दिवस चाललें व वा. सी. बेंद्रे यांनीं खरें चित्र पुढें आणीपर्यंत तें कोणास खटकलें नाहीं, हें वाचकांस ठाऊकच आहे. चुकीचें चित्र एकदां रुजलें म्हणजे तें उपटण्यास एक पिढी पुरत नाहीं.

परीक्षणाची कसोटी प्रथम सांगतों. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची कठोर झडती घेतली. तथापि त्यामुळें बखरी कोणी जाळल्या नाहींत. त्यांतील समकालीन माहिती कोणती, कर्णोपकर्णीं आलेली कोणती आणि लेखकानें पदरची घातलेली कोणती, एवढा विवेक मात्र आपण शिकलों. चित्रपटासही हीच तीन खणांची पेटी लावावी. तिसरा खण रिकामा असावा असा आग्रह वेडेपणाचा होईल, कारण संभाषण रचल्याशिवाय बोलपट होत नाहीं. तिसऱ्या खणांतील माल पहिल्या खणाचा म्हणून विकला जातो कीं काय, इतकेंच पाहावयाचें.

प्रथम ‘रामशास्त्री’. प्रभात कंपनीचा हा बोलपट १९४४ सालचा. दिग्दर्शनांत गजानन जागीरदार, विश्राम बेडेकर व राजा नेने या तिघांचा हात असून शास्त्रीबोवांची भूमिका जागीरदारांनींच केली. ललिता पवार यांची आनंदीबाई पाहिल्यावर ‘ध’चा ‘मा’ केल्याच्या कथेविषयीं प्रेक्षकाच्या मनांत संशय उरत नाहीं, आणि आमचा आक्षेप नेमका येथेंच आहे. नारायणरावाचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला. धरण्याचा हुकूम होता, त्यांत अक्षर पालटून मारण्याचा केला गेला, ही हकीकत ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत नमूद केली व पुढें ती सर्वतोमुखीं झाली. परंतु ज्या कागदावर ही कथा उभी आहे तो कागद आज अभ्यासकांपुढें नाहीं. शिवाय वाद ज्या अक्षराचा, तें बाळबोध नसून मोडी. ज्याला मोडी पत्रें हाताळण्याची संवय आहे त्यानें तो शब्द बोरूनें लिहून, वाळवून, मग त्यांत फेर करून पाहावा. वळण किती मोडतें व शाई कशी दिसते हें त्याचें त्यालाच कळेल. एवढें सोडल्यास ‘रामशास्त्री’ हा आमच्या पाहण्यांतील उत्तम ऐतिहासिक बोलपटांपैकीं एक होय. न्यायाधीशानें सत्ताधीशास देहांत प्रायश्चित्त सांगावें, हा त्यांतील गाभा. आणि तो युद्धाच्या गडबडीशिवाय, नुसत्या दोन माणसांच्या समोरासमोर उभें राहण्यानें उभा केला आहे. पुढील चित्रपटांत ही शांतता आम्हांस फारशी आढळली नाहीं.

यानंतर सिंहगड. या विषयावर बाबूराव पेंटर यांनीं १९२३ सालीं मूकपट केला व १९३३ सालीं प्रभातनें बोलपट केला. दोहोंचा आधार हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी. म्हणजे चित्रपटानें इतिहास कादंबरीच्या हातून घ्यावा, ही रीत शंभर वर्षांपूर्वींच पडली. १० जानेवारी २०२० रोजीं प्रदर्शित झालेला ओम राऊत यांचा हिंदी ‘तान्हाजी’ त्याच वाटेनें गेला आहे. त्याचें इंग्रजी उपनांव तानाजीस ‘ज्याचें गाणें कोणीं गाइलें नाहीं असा वीर’ ठरवितें. तुळशीदास शाहिराचा तानाजीवरील पोवाडा महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या गाइला गेला आणि ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ मध्यें पोवाड्यांचा संग्रह छापला त्यालाही शतक उलटून गेलें. अशा पुरुषाला न गाइलेला म्हणणें म्हणजे गाणाऱ्यांचाच विसर पडणें होय. तानाजीचें उमरठें आमच्याच रायगड जिल्ह्यांत, पोलादपूर तालुक्यांत आहे. तेथें हें उपनांव कोणासही पटणार नाहीं.

चित्रपटांतील ‘नागीण’ तोफ ही रचलेली वस्तु. सुसर भाजून खाणारा उदयभान हा तर नाटकांतील राक्षसच. असा शत्रु उभा केला म्हणजे तानाजीचा पराक्रम वाढतो असें दिग्दर्शकास वाटलें असावें, परंतु वेड्याशीं लढण्यांत शौर्य कमीच दिसतें. सभासदानें आपल्या बखरींत कडा चढणाऱ्या निवडक मावळ्यांस वानराची उपमा देऊन काम भागविलें. घोरपड पोवाड्यानें आणली. तोफ चित्रपटानें आणली. बखरीपासून पडद्यापर्यंत कथा कशी फुगत जाते याचें इतकें स्वच्छ उदाहरण दुसरें मिळणें कठीण. गडाचें नांव या प्रसंगावरून पडलें ही समजूतही अशीच आहे. गड घेतला तो माघ वद्य ९ शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजीं. आणि महाराजांच्या १६६३ च्या एप्रिलमधील पत्रांत सिंहगड हें नांव आलेलें आहे. एका पत्रानें शंभर वर्षांची समजूत हलते. कागदाचें मोल तें हेंच. चित्रपटाच्या पदरीं एक पुण्य मात्र टाकलें पाहिजे : ज्या परप्रांतीयांस तानाजीचें नांवही ठाऊक नव्हतें, त्यांना तें ठाऊक झालें.

‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) हा संजय लीला भन्साळी यांचा चित्रपट ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर आधारलेला आहे. डोळ्यांना तो सर्वांत सुंदर आणि मराठी मनाला सर्वांत परका. त्यांतील आरसेमहाल पाहून शनिवारवाड्याची आठवण होत नाहीं. ‘मुघल-ए-आझम’ मधील शीशमहालाची होते. काशीबाई व मस्तानी यांनीं एकत्र नाचावें या प्रसंगावर पुष्कळ ओरड झाली. आम्हांस त्याहून मोठा दोष वाटतो तो हा कीं, बाजीराव म्हणजे एक प्रेमवेडा योद्धा इतकाच अर्थ उरतो. सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद ४५ भागांत छापले. ते चाळणाऱ्यास दिसणारा बाजीराव कर्जानें गांजलेला, सरदारांची मनें राखणारा, मुक्कामामागून मुक्काम करणारा असा आहे. ह्या बाजीरावांत नाट्य कमी नाहीं. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदाकांठीं रावेरखेडीस तापानें त्याचा अंत झाला. या साध्या मरणांत जें कारुण्य आहे, तें नदींत उतरून भासमान सैन्याशीं लढण्यांत नाहीं.

दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ (२०२२) खर्चानें लहान परंतु हेतूनें अधिक प्रामाणिक. १३ जुलै १६६० चा प्रसंग म्हटला म्हणजे एकट्या बाजीप्रभूंचें चित्र डोळ्यांपुढें येतें. येथें बांदलांच्या मावळ्यांना त्यांचा वाटा दिलेला आहे, व रायाजी बांदलाचें नांव पुष्कळ प्रेक्षकांनीं प्रथमच ऐकलें. देशमुख घराण्यांच्या कागदांवर ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांना याचें समाधान वाटेल. दोष असा कीं, घाव मंद गतीनें पडतात आणि भाषणें भरधाव सुटतात. रात्रभर पावसांत चिखल तुडवीत आलेल्या माणसास इतकें बोलवणार नाहीं. अजय पुरकर यांचे बाजीप्रभू मात्र जेथें गप्प राहतात तेथें खरे वाटतात.

शेवटीं ‘छावा’. लक्ष्मण उतेकर यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं आला. आधार शिवाजी सावंतांची त्याच नांवाची कादंबरी. विकी कौशल यांनीं शेवटचे प्रसंग जीव ओतून केले आहेत, आणि अक्षय खन्ना यांचा थकलेला, टोप्या विणणारा औरंगजेब हा भूमिकेचा उत्तम नमुना होय. जुन्या नाटकांनीं संभाजीमहाराजांस व्यसनी ठरविलें होतें. बेंद्रे व कमल गोखले यांनीं साधनांच्या बळावर तो कलंक धुतला. चित्रपट त्या कष्टांवर उभा आहे, परंतु त्यानें एका टोंकाकडून दुसरें टोंक गाठलें. ‘बुधभूषण’ लिहिणारा संस्कृतज्ञ, १६८२ च्या आरंभीं जंजिऱ्यास वेढा घालणारा, १६८३ मध्यें फोंड्यास पोर्तुगीजांस मागें रेटणारा राजा यांत जवळजवळ नाहीं. सिंहासारखा गर्जणारा पुरुष तेवढा आहे. आम्हां कोंकणच्या लोकांस ही उणीव अधिक बोंचते, कारण त्यांच्या कारकीर्दीचा मोठा भाग याच किनाऱ्याभोंवतीं गेला.

शिर्क्यांविषयींचा प्रश्न याहून गंभीर आहे. शिर्क्यांशीं तंटा होता हें साधनांत येतें. परंतु तंटा असणें निराळें आणि संगमेश्वरची फितुरी सिद्ध होणें निराळें. चित्रपटानें एका घराण्याचें नांव घेऊन शिक्का मारला. वंशजांनीं हरकत घेतली व दिग्दर्शकास क्षमा मागावी लागली. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत नागपुरास दंगल झाली, तेव्हां विधानसभेंतही या चित्रपटाचा उल्लेख झाला. तीनशें वर्षांपूर्वींच्या घटनेचें चित्र आजच्या मनुष्याच्या हातांत दगड देऊं शकतें, हें ज्यास कळलें तो ‘करमणूकच ती’ असें म्हणून स्वस्थ बसणार नाहीं.

या पांचांची प्रतवारी लावावयाची तर ‘रामशास्त्री’ प्रथम, ‘पावनखिंड’ त्याखालीं, मग ‘छावा’, ‘तान्हाजी’ व शेवटीं ‘बाजीराव मस्तानी’. ही प्रतवारी कलेची नव्हे, प्रामाणिकपणाची आहे.

तथापि सारा दोष दिग्दर्शकांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. वरीलपैकीं तीन चित्रपटांमागें कादंबरी किंवा कादंबरीनें रूढ केलेली कथा उभी आहे. कारण कादंबरी पुस्तकाच्या दुकानांत मिळते आणि मोडीचा रुमाल मिळत नाहीं. चित्रपट लोकप्रिय झाला कीं घराण्यांना आपल्या पूर्वजांची आठवण होते व माळ्यावरील पेट्या उघडतात. संग्राहकानें गांठावयाची वेळ ती हीच. कोंकणांतील दमट हवा व वाळवी कोणाची वाट पाहत नाहींत. याच वेळीं सावधही राहिलें पाहिजे : ज्या नांवाला पडद्यावर मान मिळतो, त्या नांवाच्या सनदा कशा एकाएकीं सांपडूं लागतील हें सांगण्याची गरज नाहीं. कागद, शाई, शिक्का व वळण तपासल्याशिवाय असा एकही लेख दप्तरांत घेऊं नये.

आमची सूचना अल्प आहे. प्रत्येक गाजलेल्या ऐतिहासिक चित्रपटाबरोबर मंडळानें एक लहान पुस्तिका काढावी. तींत कोणता प्रसंग कोणत्या साधनांत आहे, कोणता परंपरेंत व कोणता कोठेंच नाहीं, इतकेंच तीन खणांत मांडावें. भाषा सोपी असावी, किंमत नाममात्र असावी, आणि ती पेण-हमरापूरच्या मूर्तिकारांच्या हातींही पडावी. जिरेटोपाचा खरा आकार एका कारागिराला कळला, तर तो हजारों घरांत पोंचेल.