एकशे पाच या आकड्याची परीक्षा

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातले सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. पावसाळ्यात येथे जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांना मण्यार चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. महाडचे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 2004 साली मण्यार व नाग यांच्या दंशाची लक्षणे आणि ग्रामीण भागातले उपचार यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

मण्यारीचे विष चेतातंतूंच्या टोकांनाच इजा करते. एकदा ही इजा झाली की प्रतिविषाने ती भरून निघत नाही. टोके पुन्हा कामाला लागेपर्यंत काही दिवस जातात. तोवर रुग्णाचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. रुग्ण निपचित असतो, बाहुल्याही हलत नाहीत, पण तो पूर्ण शुद्धीवर असू शकतो. म्हणूनच घशातली नळी केव्हा काढायची, हा प्रश्न मोलाचा ठरतो. घाईने काढली तर रुग्ण गुदमरतो आणि नळी पुन्हा घालावी लागते. उशिरा काढली तर न्यूमोनियाचा धोका वाढतो.

या प्रश्नाला 1991 साली यांग आणि टोबिन यांनी एक सुटसुटीत उत्तर दिले. रुग्णाला यंत्रापासून क्षणभर सोडवायचे. मिनिटाला किती श्वास होतात ते मोजायचे आणि त्या संख्येला एका श्वासात आत जाणाऱ्या हवेच्या लिटरमधील मापाने भागायचे. उत्तर 105 पेक्षा कमी आले तर रुग्ण यंत्राविना निभावेल, जास्त आले तर नाही.

या आकड्यामागचे शास्त्र पक्के आहे आणि नववीच्या वर्गातही ते मांडता येईल. एक रुग्ण मिनिटाला 18 श्वास घेतो, प्रत्येकी 500 मिलिलिटर. दुसरा 36 श्वास घेतो, प्रत्येकी 250 मिलिलिटर. दोघेही मिनिटाला 9 लिटर हवा घेतात. परंतु प्रत्येक श्वासातली सुमारे 150 मिलिलिटर हवा नळ्यांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा पहिल्याला 6.3 लिटर उपयोगी हवा मिळते, दुसऱ्याला केवळ 3.6 लिटर. त्यांचे निर्देशांक 36 आणि 144. उथळ, धापा टाकणाऱ्या श्वासाचा तोटा हा भागाकार नेमका पकडतो.

आमचा आक्षेप या भागाकाराला नाही. त्याच्यावर टाकल्या जाणाऱ्या भाराला आहे.

पहिली गोष्ट, 105 ही सीमा 36 रुग्णांवरून ठरली आणि नंतर 64 रुग्णांवर तपासली गेली. जे यंत्राविना निभावले, त्यांपैकी 97 टक्के या कसोटीत उतरले होते. जे निभावले नाहीत, त्यांपैकी मात्र 64 टक्केच पकडले गेले. समजा, 100 रुग्णांत 60 खरोखर तयार आहेत आणि 40 नाहीत. साठांपैकी 58 उत्तीर्ण होतील. पण चाळिसांपैकीही 14 उत्तीर्ण होतील. म्हणजे उत्तीर्ण झालेल्या 72 जणांत जवळजवळ प्रत्येक पाचवा फसवा निघेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा आकडा श्वास मोजतो, घसा मोजत नाही. यंत्र सोडणे आणि नळी काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मण्यारीच्या रुग्णाची फुप्फुसे बहुधा निरोगी असतात, त्यामुळे त्याचा निर्देशांक चांगला येऊ शकेल. पण त्याला थुंकी गिळता येत नसेल, जोर लावून खोकता येत नसेल, तर नळी काढल्यावर तीच थुंकी श्वासनलिकेत उतरेल. येथे उशीवरून मान उचलून काही सेकंद धरता येते का, एवढी साधी पाहणी अधिक सांगून जाते. त्यासाठी यंत्र लागत नाही, पाहणारा माणूस लागतो.

मग आकड्याचा उपयोग किती? 1996 साली इली आणि सहकाऱ्यांनी 300 रुग्णांवर वेगळा मार्ग तपासला. रोज सकाळी ठराविक निकषांवर रुग्ण पाहायचा आणि योग्य वाटला तर दोन तास स्वतः श्वास घेऊ द्यायचा. यंत्रावरचा मध्यक काळ 6 दिवसांवरून साडेचार दिवसांवर आला. त्या निकषांत 105 हाही एक होता. पुढे 2006 साली टॅनिओस आणि सहकाऱ्यांनी 304 रुग्णांचे दोन गट केले. एका गटात निर्णयासाठी हा निर्देशांक वापरला, दुसऱ्यात वापरला नाही. वापरलेल्या गटाला यंत्र सोडायला मध्यक 3 दिवस लागले, न वापरलेल्याला 2. नळी पुन्हा घालण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आमच्या मते कारण उघड आहे: आकड्याने नापास ठरवलेल्या रुग्णाला प्रत्यक्ष परीक्षेला बसूच दिले जात नाही.

शिक्षकांना ही चूक ओळखीची वाटेल. चाचणी परीक्षेचे गुण पाहून एखाद्या मुलाला वार्षिक परीक्षेचा अर्जच भरू न देणे, असाच हा प्रकार आहे. गुण खोटे नसतात. त्यांच्याकडून नको ते काम करून घेतले जाते. यांग आणि टोबिन यांनी चांगली मोजपट्टी दिली. ती वापरणाऱ्याने ती काय मोजते याबरोबरच काय मोजत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. रोज रुग्णाला स्वतः श्वास घ्यायची संधी द्यावी, त्याचा खोकला ऐकावा, त्याची मान पाहावी, आणि मग आकडा वाचावा.